पाय भुईले

बकारामजी विचारल्याशिवाय कोणत्याही यंत्रात हात घालत नसत. विचारायचे तेही मनातल्या मनात नाही, चांगले मोठ्याने. यंत्रापाशी उभे राहायचे, उजवा हात छातीशी धरायचा आणि म्हणायचे, "हात हाय." मग मान किंचित कलती करून थांबायचे. पलीकडून कोणीतरी उत्तर देणार आहे आणि ते ऐकल्याशिवाय आपल्याला हलता येत नाही, असे ते थांबणे असे. डोळे अर्धे मिटलेले. नवीन माणसाला वाटे, गृहस्थ उभ्या उभ्या झोपले. मलाही पहिल्या दिवशी तसेच वाटले, आणि मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा माझी जीभ माझ्या डिग्रीपेक्षा लांब होती.

मी साकोलीची. नागपूरला शिकून भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात लागले होते. तिथे नळाच्या पितळी तोट्या बनत. मला घेतले होते ते एका रोबोटसाठी. तोवर रोबोट म्हटले की भोवती जाळीचा पिंजरा, कुलूप, धोक्याची पाटी. हा वेगळा होता. माणसाच्या हातापेक्षा थोडा लांब, पांढरा, एका टेबलावर बसवलेला नुसता एक हात. त्याला पिंजरा नको होता. तो माणसाशेजारी बसून काम करणार, माणसाला लागला तर तिथल्या तिथे थांबणार. जमिनीवर एक पिवळा पट्टा, बस्स. कारखान्यातल्या लोकांनी दोन दिवसांत त्याचे नाव 'जावई' ठेवले, कारण त्याच्यासाठी कोपरा धुतला होता, पंखा नवा लावला होता आणि त्याला कोणी रागावून बोलायचे नाही असा साहेबांचा हुकूम होता. बकारामजी मात्र त्याला 'हात'च म्हणत.

आणि या हातासमोर बसायला साहेबांनी निवडले ते बकारामजींना. कारण उघड होते. ते तोट्या तपासत ते डोळे मिटून. कापलेल्या पितळेच्या काठाला एक पातळ धार उरते, आमच्याकडे तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. बकारामजी तोटीच्या तोंडावरून अंगठा फिरवायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवून द्यायचे. त्यांचे घर नदीपलीकडच्या कारध्याचे, पिढीजात विणकरांचे. बोटांनी सूत ओळखणारी माणसे ती. जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, त्याच साली त्यांनी घरचा माग बंद केला आणि ते कारखान्यात आले. रोज वैनगंगेच्या पुलावरून सायकलने येत. थंडीच्या दिवसांत त्यांच्या केसांवर धुक्याचे पाणी असे, आणि ते पुसायचेही त्यांच्या ध्यानात नसे.

सकाळी आल्या आल्या ते स्वप्न सांगायचे. कोणाला हवे असो की नसो. "आज मंग माग चालून राहिला होता. बसलं कोनीच नाय. धोटा इकून तिकडे, तिकून इकडे. अन् कापड असं निंघून राहिलं, निंघून राहिलं, पार नदीवरून पल्याड गेलं." एवढे सांगून ते थांबत. पुढे काय झाले म्हणून विचारले तर, "पुढं मी आवाज देतो. कोनी ओ देत नाय," असे म्हणून सायकलची क्लिप पायातून काढू लागत. मला ही स्वप्ने ऐकायला फार आवडत. दुपारी उन्हाचा पट्टा पत्र्याच्या फटीतून आत यायचा, पितळेचा बारीक चुरा त्यात तरंगायचा, आणि त्या पिवळ्या धुरकट उजेडात मला नदीवरून जाणारे ते कापड दिसायचे.

तर तो हाताचा पहिला दिवस. हात चालू केला. तो खोक्यातून तोटी उचलायचा, बकारामजींसमोर ठेवायचा, पुन्हा मागे वळायचा. चाल इतकी संथ आणि गुळगुळीत की पाहणाऱ्याला जांभई यावी. मध्येच खोक्यात एखादी तोटी तिरकी बसायची आणि ती माणसाने सरळ करायची असे ठरले होते. पहिली तोटी तिरकी झाली. बकारामजी उठले, पिवळ्या पट्ट्यापाशी गेले आणि म्हणाले, "हात हाय."

हात आपला फिरतच होता. बकारामजी उभेच.

मी म्हटले, "बकारामजी, घाला ना हात. त्याला ऐकू येत नाही."

"मंग त्याले समजते कसं?"

"तुमचा धक्का लागला की समजतं. लगेच थांबतो. पाहा." मी माझा तळवा मध्ये धरला. हात येऊन हलकेच टेकला आणि थांबला. भोवतीचे चारजण हसले. एकाने तर मला टाळी दिली.

बकारामजी हसले नाहीत. म्हणाले, "लागल्यावर थांबते. म्हंजे पयले लागू द्याचं?"

मी त्यांना जोर, वेग, मर्यादा असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते परत पट्ट्यापाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी हात घातला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावले. पंधरा दिवसांनी मोठे गिऱ्हाईक हात पाहायला येणार होते. 'हा हात माणसाशेजारी सुरक्षित आहे' अशा कागदावर सही माझी व्हायची होती, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. साहेब म्हणाले, "मॅडम, म्हाताऱ्याला समजवा. नाहीतर त्याला पेटीबंद करायच्या खात्यात टाकतो आणि दुसरा माणूस बसवतो." पेटीबंद म्हणजे दिवसभर खोकी चिकटवायची. ज्या अंगठ्याला सुतातली गाठ कळते तो अंगठा डिंकात घालायचा. मला वाईट वाटले, पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त मला माझ्या सहीची काळजी होती.

मी चहाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले. चिडूनच गेले. "तुम्ही हे 'हात हाय' कुठून आणलंत? माझं सगळं काम अडलंय."

त्यांनी बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर घातली. "मागावरचं हाय थे," ते म्हणाले. आणि मग, बशी हातात तशीच धरून, त्यांनी सांगितले.

मागावर बसणारे बकारामजी. समोर ताण्यापाशी, म्हणजे उभ्या ताणलेल्या सुतांपाशी, त्यांची बायको, कौसाबाई. मध्येच सूत तुटले की ती ताण्यात हात घालून टोक शोधायची. त्या वेळी बसणाऱ्याने पायाखालची पावडी दाबली किंवा सूत घेऊन आडवा पळणारा धोटा फेकला तर हात गेलाच. धोट्याला टोकाला पितळी टोपी असते. म्हणून घरात रीत होती. ती म्हणायची, "हात हाय." बसणारा दोन्ही पाय पावडीवरून काढून जमिनीवर टेकवायचा आणि म्हणायचा, "पाय भुईले." ते ऐकल्यावरच ती हात घालायची. काम झाले की ती म्हणायची, "हात निंगाला." मग माग पुन्हा चालू. आजोबांपासून हेच चालत आले होते.

"दिवसातून किती वेळा होत असन, कोन मोजते?" ते म्हणाले. "सवय झाली ना. एक दिवस माहं ध्यान दुसरीकडं. थे म्हनली हात हाय. मी म्हनलो पाय भुईले. तोंडानं म्हनलो. पायानं नाय म्हनलो."

चहा बशीत निवला होता. कौसाबाईंचे डाव्या हाताचे मधले बोट तेव्हापासून वाकडे आहे. लोक म्हणत की बकारामजींचा माग कापडाला भाव नाही म्हणून बंद पडला. तसे तर सगळ्यांचेच बंद पडत होते. पण त्यांचा बंद पडला तो त्या दिवशी.

"मले काई बोलली नाय थे," ते म्हणाले. "आजपर्यंत नाय बोलली. पर त्या दिवशी 'हात निंगाला' असं म्हनलीच नाय ना. रडनं-ओरडनं झालं, दवाखान्यात नेलं, थे म्हनाचं राहूनच गेलं. मले वाटते, तिचा हात आजून मागातच हाय."

स्वप्नात ते कोणाला आवाज देत होते ते मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते एक पिशवी घेऊन आले. पिशवीत वांगी होती, नदीच्या रेतीतली, लांबट आणि तुकतुकीत. त्यांनी कामाच्या हातमोज्याच्या बोटात एक वांगे घुसवले आणि ते तिरक्या तोटीपाशी, जिथे माणसाचा हात जाईल तिथे, ठेवले. "लाव चालू."

हाताचे मनगट येऊन वांग्याला टेकले. थांबले. वांग्याला ओरखडासुद्धा नाही. मी छाती फुगवून त्यांच्याकडे पाहिले.

"मनगट मऊ हाय," ते म्हणाले. "आता त्याच्या मुठीत तोटी दे. तुह्यी चकचकीत नोको. आताच कापलेली दे."

इथे मी पहिल्यांदा खोक्यात नीट पाहिले. मी सगळ्या चाचण्या घेतल्या होत्या त्या साहेबांच्या कपाटातल्या घासूनपुसून ठेवलेल्या नमुन्याच्या तोटीवर. ती फोटोत छान दिसायची म्हणून. खोक्यातल्या तोट्या तशा नव्हत्या. मी कापलेली तोटी दिली. हात आला, वांग्याला लागला आणि अगदी नियमाप्रमाणे थांबला.

"थांबला. तुह्यं म्हननं खरं हाय," बकारामजी म्हणाले. "आता वांगं पाह्य."

हातमोजा कापला गेला होता आणि वांग्याला बोटभर लांब, खोल चीर पडली होती. आतला पांढरा गर दिसत होता. हाताचा जोर मी मोजला होता, पण त्या हातात काय आहे हे पाहिलेच नव्हते. इतकी साधी चूक. घरी सुरी हातात असली की आई लांबूनच ओरडते, तेवढेही माझ्या ध्यानात आले नव्हते.

"मी साहेबांना सांगते की तुम्ही नाही म्हणताय," मी म्हटले.

"मी नाय म्हनलो म्हून नोको लिहू, पोरी. मले उद्या हाकलतीन अन् तुह्या कागदाचा अर्थच राह्यनार नाय. तुले दिसलं म्हून लिव."

मी लिहिले. साहेबांसमोर वांगे ठेवले तेव्हा त्यांना वाटले मी चेष्टा करते आहे. मग त्यांचा आवाज जो चढला तो बाहेरच्या गेटपर्यंत गेला. गिऱ्हाइकाची तारीख पुढे ढकलावी लागली, माझी कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्चीच राहिली, आणि पितळेचे खाते मला बराच काळ 'वांगी मॅडम' म्हणून ओळखत राहिले. पण सही मी केली नाही. आयुष्यात धीटपणाच्या म्हणून ज्या थोड्या गोष्टी मी केल्या, त्यांतली पहिली दुसऱ्याच्या पिशवीतून आली होती.

त्यानंतर आम्ही हात पुन्हा घडवला. तोट्यांची बर हाताकडे येण्याआधीच्या टेबलावरच काढायची ठरली. मुठीला वाटीसारखे आवरण केले, म्हणजे एखादी धार राहिलीच तरी ती आत झाकली जाईल. कोणी पिवळा पट्टा ओलांडला की हात आपोआप मंद व्हायचा. आणि बकारामजींसाठी पट्ट्यापाशी एक जाड बटण बसवले. ते दाबले की हात मागे जाऊन घडी घालून थांबणार आणि वर हिरवा दिवा लागणार. "घ्या," मी म्हटले, "आता तो उत्तर देतो."

बकारामजी खूष झाले असतील असे मला वाटले होते. त्यांनी खिशातून सुताचा एक धागा काढला, त्याचे एक टोक हाताच्या मनगटाला बांधले आणि दुसरे स्वतःच्या बोटाला. डोळे मिटले. म्हणाले, "मी बटन दाबतो. दिवा लागला का सांग."

त्यांनी बटण दाबले. "लागला," मी म्हटले.

"आजून ओढ हाय." क्षणभर थांबून ते म्हणाले, "आता गेली."

पुन्हा केले. पुन्हा तेच. दिवा आधी, थांबणे मागून. अर्ध्या श्वासाइतके मागून. त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले, "पोरी, हा दिवा त्याच्या तोंडातला हाय का पायातला?"

दिवा तोंडातलाच होता. मी तो बटणाला जोडला होता. बटण दाबले की 'थांब' असा हुकूम जायचा आणि त्याच क्षणी दिवा लागायचा. हात खरोखर थांबला की नाही हे दिव्याला माहीतच नव्हते. मला दोन दिवस लागले. हाताच्या प्रत्येक सांध्यात तो सांधा हलतो आहे की नाही हे ओळखणारी सोय होतीच, दिवा तिच्याशी जोडला. आता सगळे सांधे स्तब्ध झाल्याशिवाय हिरवा उजेड पडणार नव्हता. बकारामजी पुन्हा धागा बांधून बसले. एकदा नाही, चांगले आठवडाभर, रोज दुपारी. त्या पिवळ्या उन्हात डोळे मिटलेला माणूस, तो पांढरा हात आणि त्या दोघांमधला एक कच्चा धागा. मी "लागला" म्हणायची आणि ते "गेली" म्हणायचे. अगदी किंचित हालचाल दिव्याला सुरुवातीला कळत नव्हती, ती मर्यादा मी रोज बारीक करत गेले, आणि हळूहळू दोन्ही शब्द एकत्र यायला लागले. मग 'गेली' आधी येऊ लागले. त्या दुपारी मी जागी होते की नाही याची मला आजही खात्री नाही, इतक्या त्या मऊ होत्या.

आठव्या दिवशी त्यांनी धागा सोडला, गुंडाळून खिशात ठेवला, पट्ट्यापाशी जाऊन "हात हाय" म्हणाले, बटण दाबले, दिवा पाहिला आणि हात घातला.

पुढे त्या टेबलावर जो कोणी बसला तो तेच करू लागला. मी कोणाला शिकवले नाही. कागदावर फक्त 'बटण दाबा, दिवा पाहा' एवढेच लिहिलेले आहे. तरी लोक "हात हाय" म्हणतात आणि बाहेर काढला की "हात निंगाला" म्हणतात. मध्यंतरी पुण्याहून एक तपासनीस आले होते. त्यांनी मला विचारले, हे काय मंत्र म्हणतात का? मी हो म्हटले.

बकारामजी आता नाहीत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच हिवाळ्यात, झोपेतच गेले. शेवटी कोणते स्वप्न पाहत होते ते सांगायला सकाळी आले नाहीत, एवढेच. पण माझ्या मनात त्यांचा निरोप होतो तो त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी.

त्या दिवशी शाल-नारळ झाला. साहेबांनी भाषणात त्यांना 'आमच्या सुरक्षिततेचा पाया' म्हटले आणि वांग्याचा विषय शहाणपणाने टाळला. कौसाबाई आल्या होत्या. बारीक, उंच, डोक्यावरून पदर, डावा हात पदराखाली. भाषण संपल्यावर बकारामजी त्यांना हात दाखवायला घेऊन आले. कौसाबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो तोट्या उचलत होता, ठेवत होता.

"अवो, हा थकत नाय का?" त्यांनी विचारले.

"थकत नाय. पर आयकते," बकारामजी म्हणाले.

तेवढ्यात खोक्यात एक तोटी तिरकी झाली. हात तिच्याशी चाचपडू लागला. टेबलावरचा माणूस उठणार होता, पण कौसाबाई आपणहूनच दोन पावले पुढे आल्या आणि पिवळ्या पट्ट्यापाशी थांबल्या. पट्ट्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी पदराखालचा डावा हात बाहेर काढला. मधले बोट वाकडे होते. तो हात त्यांनी छातीशी धरला आणि अगदी हलक्या आवाजात म्हटले, "हात हाय."

मी बटण दाबले. हात मागे गेला, घडी घालून थांबला. हिरवा दिवा लागला. "घाला, मावशी," मी म्हटले.

त्यांनी दिव्याकडे पाहिलेच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. बकारामजींची शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही. त्यांनी चपला काढल्या, बाजूला सारल्या, अनवाणी पाय फरशीवर जुळवून ठेवले आणि खाली वाकून ते नीट पाहिले. एक, मग दुसरा. मग म्हणाले, "पाय भुईले."

कौसाबाईंनी हात घातला. तिरकी तोटी सरळ केली. त्यांना काही घाई नव्हती. हात बाहेर काढून त्यांनी पदराला पुसला आणि नवऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "हात निंगाला."